अंगठा माझा, वही कुणाची?



२०२२ सालचा जून महिना आठवतोय ना? आपले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीत होते आणि इकडे सांगोल्याच्या एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलत होते. माणदेशी माणूस माणदेशी माणसाशी बोलतो तसंच मोकळं बोलणं. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील.’ ते बोलणं दोघांचं होतं, पण त्याची क्लिप बाहेर पडली आणि दोन दिवसांत सगळ्या महाराष्ट्रानं ऐकली. त्यावर गाणी निघाली, विनोद निघाले. कुठं बाहेरगावी गेलं आणि ‘सांगोल्याची’ म्हणून सांगितलं, की समोरचा हसून तेच वाक्य म्हणायचा. बापूंनीही ते हसण्यावारी नेलं. पुढाऱ्याचं त्यात फार बिघडलं नाही, उलट नावच झालं.

पण मला त्या वेळी एक वेगळाच विचार आला. फोनवरचं ते बोलणं आपल्यातल्या एखादीचं असतं तर? माहेरी आईशी बोलताना सासूबद्दल काढलेला एखादा शब्द, डॉक्टरला सांगितलेलं दुखणं, बहिणीकडं मागितलेले पाच हजार रुपये? आपलं नाव झालं नसतं, आपलं घर मोडलं असतं.

हा विचार मी तेव्हा केला आणि विसरून गेले. पुढं माझ्याच हातून चूक झाली, तेव्हा तो परत आठवला. आधी ती चूक सांगते.

मार्चअखेरीची गडबड होती. गटांची कर्जवसुली मागं पडलेली. एकेकीला फोन करून मी कंटाळले होते. मग मी कर्ज नोंदवहीचं थकबाकीचं पान उघडलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि ग्रामसंघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, ‘सर्वांनी दोन दिवसांत हप्ता भरावा.’ त्या पानावर नाव होतं, रक्कम होती, आणि शेवटच्या रकान्यात कर्जाचं कारणही होतं. एका मावशींच्या नावापुढं लिहिलं होतं, की नवऱ्याच्या दारू सोडवण्याच्या उपचारासाठी. ग्रुपवर बाया होत्या, पण कितीतरी बायांचा फोन घरात मुलगा, दीर, नवरा यांच्याच हातात असतो. तासाभरात ते पान मावशींच्या भावकीत पोचलं. ज्या माणसानं महिनाभर कुणाला न सांगता उपचार घेतले होते, त्याला पारावर टोमणे ऐकावे लागले. तो परत प्यायला लागला.

मावशी तीन बैठकांना आल्या नाहीत. मी घरी गेले. त्यांनी चहा दिला, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “म्याडम, मी हप्ता चुकवला तर तुम्ही दंड लावता. आता तुम्ही चुकलाय. तुमचा दंड कुणी लावायचा?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ही गोष्ट मी त्यांना विचारूनच सांगते आहे. नाव आणि गाव सांगणार नाही, आणि वहीतलं खरं कारणही मी इथं बदललं आहे.

त्या दिवसापासून माझ्या मनात वहीचा विचार सुरू झाला. आपलं नाव, आपला अंगठा, आपलं कर्ज, आपला फोटो कुणाच्या तरी वहीत लिहिलेला असतो. पूर्वी ती वही कागदाची होती, आता मोबाइलमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये आहे. बीएला इतिहास होता माझा. जुनी पुस्तकं परत काढली आणि लक्षात आलं, की वहीचं हे भांडण आपल्याच भागात दीडशे वर्षं चाललं आहे. तेच आज सांगायचं आहे.

पहिली वही सावकाराची.

पूर्वी लिहिता न येणारा माणूस कागदावर निशाणी करायचा. शेतकऱ्याच्या नावापुढं नांगराची निशाणी, बाईच्या नावापुढं बांगडीची. वर काय लिहिलंय ते वाचता यायचं नाही, खाली निशाणी मात्र आपली. सावकार रोखा लिहायचा, शेतकरी निशाणी करायचा. धान्य घातलं, पैसे फेडले, तरी पावती नाही. १८५९ साली मुदतीचा कायदा आला. रोख्याला तीन वर्षांची मुदत मिळाली. कायदा करणाऱ्यांना वाटलं, याने व्याज साचत जाणार नाही. झालं उलटंच. तीन वर्षं संपत आली, की सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा आणि मागचं सगळं व्याज नव्या मुद्दलात मिळवायचा. शेतकऱ्याला कळायचंच नाही, की शंभराचे तीनशे कधी झाले.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावच्या बाजारात लोक उठले. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी गेलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की लोक मुख्यतः कागद मागत होते. रोखे द्या, हुकूमनामे द्या, आणि मिळाले की तिथंच होळी. सावकाराच्या पेटीत आपलं काय लिहून ठेवलंय हे न कळण्याचा तो संताप होता.

सरकारनं चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. पुणे, सातारा, नगर आणि आपला सोलापूर, या चार जिल्ह्यांसाठी तो होता. त्यात काय काय होतं बघा. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोरच करायचा. सावकारानं पैसे घेतले की पावती द्यायची. वर्षाचा हिशेब मागितला तर लिहून द्यायचा. आणि शेतकऱ्याला पासबुक मागता येईल. मैत्रिणींनो, आपण ज्या पासबुकावर नोंद करून घ्यायला बँकेत रांग लावतो, त्याचा हक्क आपल्या पणजोबांना कायद्यानं असा मिळाला होता. सावकारी त्यानं संपली नाही. गहाणखताच्या जागी सावकार खरेदीखतच लिहून घ्यायला लागले. पण एक गोष्ट पहिल्यांदा मान्य झाली, की माझ्याबद्दल जे लिहिलंय ते मला बघायचा हक्क आहे.

दुसरी वही आपल्या सोलापूर शहरातली, आणि ती सरकारची होती.

सोलापुरात सेटलमेंट म्हणून वस्ती आहे. दवाखान्याला, कोर्टकचेरीला गेलेल्या आपल्यापैकी अनेकींनी ते नाव ऐकलं असेल. ते नाव कुठून आलं? इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला आणि काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १९११ साली तो कायदा वाढवला आणि मुंबई इलाख्यालाही लागू केला. १९२४ साली पुन्हा पक्का केला. कैकाडी, टकारी, पारधी, भामटा अशा कितीतरी समाजांना ह्या कायद्याचा फास बसला. त्यांना ठेवण्यासाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती केल्या. सोलापूरची वसाहत त्यांतली मोठी. तिथली माणसं गिरण्यांमध्ये कामाला जायची आणि परत कुंपणात यायची. हजेरी द्यायची, बाहेरगावी जायचं तर पास काढायचा.

आणि सगळ्यांची वही होती. कायद्यात लिहिलं होतं, की जमातीतल्या माणसांची नोंद करायची आणि अधिकारी सांगेल तेव्हा त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचे. पोरांना आईबापापासून काढून वेगळ्या शाळेत ठेवायचा अधिकारही सरकारला होता. चोरी केली म्हणून नाव वहीत गेलं असं नाही. त्या जातीत जन्म झाला म्हणून गेलं. आज लहान मूल जन्मलं की आपण हौसेनं त्याचं नाव नोंदवतो. त्या वसाहतीतल्या आईला नोंदीची काय भीती वाटत असेल, याचा विचार करा.

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतानं १९४९ साली हा कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपला. तो दिवस हे समाज विमुक्त दिन म्हणून पाळतात. वही मिटली, पण शिक्का लगेच पुसला गेला नाही. सराईत गुन्हेगारांसाठी नवे कायदे आले आणि पोलिसांची नजर त्याच वस्त्यांवर राहिली. गावात चोरी झाली, की आजही पहिली शंका कुणावर जाते ते आपण सगळ्याच जाणतो.

तो शिक्का मोबाइलमध्ये आल्यावर काय होतं, तेही आपण बघितलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे, तिथं आठवडी बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर फिरत होते. भिक्षा मागायला गेलेल्या पाच जणांना जमावानं त्याच संशयावरून मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, आणि त्यांतले बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले होते. आपल्या बाजाराला येणारी, आपल्या दारात उभी राहणारी माणसं. पाठवणाऱ्यांना वाटलं असेल, आपण सावध करतोय. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण पाच ठिकाणी पाठवायचा की नाही, हे अजूनही आपलंच बोट ठरवतं.

सोलापूरच्या त्या वहीनं आणि राईनपाड्यानं मला दुसरा प्रश्न शिकवला. माझी माहिती कुणाच्या हातात आहे आणि तो ती कशासाठी वापरणार आहे? मी मदतीसाठी दिलेली माहिती उद्या माझ्यावर शिक्का मारायला तर वापरली जाणार नाही ना?

आता तिसरी गोष्ट. ही बायांची आहे.

१९६५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीत एक पोलीस निरीक्षक रात्री गणवेशात एका बाईच्या झोपडीवर गेला आणि तिच्यावर जबरदस्ती करू लागला. तिनं आरडाओरडा केला. लोक जमले. तिनं तक्रार केली, खात्यानं चौकशी केली आणि त्याला नोकरीतून काढलं. तो कोर्टात गेला. तिच्या चारित्र्याकडं बोट दाखवलं गेलं, आणि अशा बाईच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा, म्हणून उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९० साली निकाल लागला. न्यायालयानं सांगितलं, की बाईचं चारित्र्य लोक कसंही म्हणोत, तिला स्वतःचं खासगीपण आहे, मनात येईल तेव्हा कुणीही तिच्यावर चाल करून जाऊ शकत नाही, आणि चारित्र्यावरून तिची साक्ष फेकून देता येत नाही. पंचवीस वर्षं लागली. झोपडीला कुलूप असो नसो, तिच्या ‘नाही’ला कायद्याची कडी आहे, हे त्या बाईमुळं ठरलं.

दुसरी गोष्ट १९७२ सालची, देसाईगंजची. तेव्हा ते गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. त्यात एक गोष्ट अशी आली, की अत्याचार झालेल्या बाईचं नाव किंवा तिची ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, छापलं तर शिक्षा. आज नव्या न्याय संहितेच्या ७२व्या कलमात ती तरतूद आहे. त्या मुलीचं नाव मात्र सगळ्या पुस्तकांत राहिलं, खटलाच त्या नावानं ओळखतात. तिच्यामुळं पुढच्या हजारो जणींचं नाव झाकलं गेलं. म्हणून मी ते इथं घेत नाही.

ह्या दोघींनी तिसरा प्रश्न दिला. मला विचारलं का? माझ्या दारात यायचं असेल, माझं नाव घ्यायचं असेल, माझा फोटो दाखवायचा असेल, तर माझं ‘हो’ घेतलं का?

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. ‘घरातली गोष्ट घरात ठेव’ असं बाईला सांगितलं जातं, ते खासगीपण नव्हे. मार खाल्लेल्या बाईनं गप्प बसावं म्हणून ते वाक्य वापरलं जातं. खासगीपण हा तिचा हक्क आहे, तिला मारणाऱ्याचा पडदा नाही. कुणाला सांगायचं आणि किती सांगायचं, हे तिनं ठरवायचं.

आता आपल्या काळाकडं येऊ. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली नावाच्या आदिवासी गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी तिथं आले होते. पहिला क्रमांक मिळाला तो एका बाईला. तिचा फोटो देशभर छापून आला. बांगडीच्या निशाणीपासून दहा बोटांच्या आणि डोळ्यांच्या ठशांपर्यंत आपण असे येऊन पोचलो.

आधारनं आपलं भलं झालं नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या गटातल्या एका विधवा बाईचे निराधारचे पैसे पूर्वी दुसऱ्याच्या हातून यायचे, आता तिच्या खात्यात येतात. २०२४ साली लाडक्या बहिणीचे अर्ज भरले, तेव्हा कागदपत्रं जुळवायला आपण रात्री जागलो आणि महिन्याला १५०० रुपये आपल्या खात्यावर आले. पण वही आता इतकी मोठी झाली आहे, की तीत आपलं रेशन, बँक, मोबाइल, दवाखाना सगळं एका क्रमांकाला बांधता येतं. म्हणून ते तीन प्रश्न आणखी महत्त्वाचे झाले.

हेच प्रश्न घेऊन कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. वय ऐंशीच्या पुढं. सरकारचं म्हणणं होतं, की खासगीपण हा घटनेतला मूलभूत हक्क नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की तो मूलभूत हक्क आहे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं, म्हणजे मराठी माणसानं. त्यांच्या वडिलांनी, यशवंत चंद्रचूड यांनी, १९७६ साली आणीबाणीत नागरिकांच्या विरोधात गेलेल्या निकालावर सही केली होती. मुलानं ह्या निकालात वडिलांचा तो निकाल चुकीचा होता असं लिहिलं. त्यात आपल्यासाठी एक मोठी गोष्ट आहे. गरिबाला पोटापुरतं मिळालं की झालं, त्याला असले हक्क कशाला हवेत, हा विचार न्यायालयानं खोडून काढला. पुढं २०१८ च्या निकालात सरकारी लाभांसाठी आधार चालेल असं ठरलं, पण बँक खातं, मोबाइलचं सिम आणि मुलांचा शाळाप्रवेश यांसाठी त्याची सक्ती करता येणार नाही असंही ठरलं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचे आहेत. त्यातलं सोपं सूत्र असं. माहिती घेताना कशासाठी घेतोय ते साध्या भाषेत सांगायचं आणि संमती घ्यायची. दिलेली संमती परत घेता येते. आपली काय माहिती ठेवली आहे ते विचारता येतं, चुकीची दुरुस्त करून घेता येते, काम झाल्यावर पुसून टाका असं सांगता येतं. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १८७९ ची पावती आणि पासबुक आठवून बघा. सावकाराला जे सांगितलं होतं, तेच आज मोठमोठ्या कंपन्यांना सांगितलं जातंय. सरकारला मात्र ह्या कायद्यात बऱ्याच सवलती आहेत, त्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत. ते आपण डोळे उघडे ठेवून बघत राहायचं.

कायदा दिल्लीत झाला, पण माहिती फुटते ती गल्लीत. एका रविवारी सांगोल्याच्या बाजारात मी भजी घेतली. कागद उलटून बघितला तर ती कुणाच्या तरी आधारची झेरॉक्स होती. फोटो, नाव, पत्ता, क्रमांक, सगळं तेलानं पारदर्शक झालेलं. आपण योजनेसाठी पाच पाच प्रती काढतो, जास्तीच्या कुठं टाकतो, कधी बघितलंय?

तर आमच्या ग्रामसंघानं काय ठरवलं ते सांगते. माझ्या चुकीनंतर मी स्वतः विषय मांडला, आणि सगळ्याजणींनी मिळून ठराव केला.

कर्जाची रक्कम, कारण आणि थकबाकी फक्त त्या गटाच्या बैठकीत बोलायची. वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. हप्त्याची आठवण ज्या त्या बाईला वेगळी करायची.

आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर काम आणि तारीख लिहून सही करायची, म्हणजे तीच प्रत दुसऱ्या कामाला वापरणं अवघड जातं. उरलेली प्रत मागून घ्यायची, फाडून चुलीत घालायची. जिथं चालतं तिथं पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्यायचं, ते ऑनलाइन काढता येतं.

पैसे काढताना मशीनवर अंगठा ठेवण्याआधी पडद्यावरची रक्कम वाचायची, नाहीतर विश्वासाच्या माणसाकडून वाचून घ्यायची. ‘ठसा उमटला नाही, परत लावा’ असं म्हटलं, तर पहिला व्यवहार झाला नाही ना ते विचारायचं. पावती घ्यायची, पासबुकावर नोंद करायची. वाटलं तर आधारच्या अॅपवरून किंवा आधारच्या संकेतस्थळावरून आपले ठसे कुलूपबंद करता येतात, लागेल तेव्हा उघडायचे.

ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. मी विचारला तरी नाही. केवायसी करा, नाहीतर पैसे बंद होतील, अशी लिंक आली तर बोट लावायचं नाही, अंगणवाडी ताईला किंवा बँक सखीला आधी विचारायचं. पैसे गेलेच, तर रडत बसायचं नाही. ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर फोन करायचा. पहिल्या काही तासांत सांगितलं तर पैसे अडवता येण्याची आशा असते.

प्रशिक्षणाचा, हळदीकुंकवाचा फोटो टाकण्याआधी विचारायचं. एखादी ‘नको’ म्हणाली, तर कारण विचारायचं नाही. आणि कुणी आपला खासगी फोटो पसरवण्याची धमकी दिली, तर तो गुन्हा त्याचा आहे. लाज त्यानं धरायची. गटातल्या दोघींनी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायचं.

ठराव झाल्यावर एका तरुण मुलीनं विचारलं, “म्याडम, माझ्या खात्याला नंबर माझ्या नवऱ्याचा आहे. पैसे आले की मला आधी त्याच्याकडून कळतं. मग माझं खासगी काय?” सगळ्या गप्प झाल्या. मी हात वर करायला सांगितले. बँकेला ज्यांचा स्वतःचा नंबर जोडलेला आहे, अशा अर्ध्याही नव्हत्या. म्हणजे शेजारच्या डोळ्यांपासून झाकायचं शिकण्याआधी आपल्याला आपलीच वही आपल्या हातात घ्यायची आहे. एक साधा फोन, स्वतःच्या नावाचं सिम, आणि बँकेत जाऊन नंबर बदलण्याचा एक अर्ज. त्या महिन्यात सात जणींनी तो अर्ज केला. दोघींच्या घरी त्यावरून भांडण झालं. एकीनं माघार घेतली, हेही खरं सांगते.

आणि मावशी? चौथ्या बैठकीला त्या आल्या. ठराव ऐकला आणि म्हणाल्या, “सगळं लिहिलं, दंडाचं राहिलं.” मग माझ्यावर ५० रुपये दंड लावला. मी भरला. इतिवृत्तात लिहिलं, ‘समन्वयकाकडून सदस्याची माहिती परवानगीशिवाय बाहेर गेली म्हणून दंड.’ खाली सगळ्यांच्या सह्या आहेत, मावशींचा अंगठा आहे. अंगठा लावण्याआधी त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

घरी त्यांच्या नवऱ्याचे उपचार परत सुरू आहेत. कसे चाललेत, ते मी विचारत नाही. त्यांना सांगावंसं वाटलं तर त्या सांगतील.

तुमच्या पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न तुमच्या वहीला विचारून बघा. तीत काय लिहिलंय ते सगळ्या सदस्यांना माहीत आहे का? ती कुणाच्या हातात असते, आणि तिचे फोटो कुठं कुठं गेलेत? आणि जे लिहिलं, ते तिला विचारून लिहिलं का? तुमचा ग्रामसंघ काय ठराव करतो ते आम्हाला जरूर कळवा. नावं कळवायची गरज नाही.